ऋषीच्या भाजीसाठी मांडव : परड्यातल्या वेलांच्या नोंदी, २०२५

१८ मे, रविवार

यंदा ठरवलंय. ऋषीच्या भाजीत वेलावरचं जे जे पडतं, ते सगळं आमच्या परड्यातलं (घरालगतच्या बागेतलं) हवं, आणि तेही बी लावून वाढवलेलं. पडवळ, शिराळं (दोडका), तवसं (मोठी काकडी). ऋषिपंचमी २८ ऑगस्टला आहे, म्हणजे आजपासून १०२ दिवस.

गेल्या वर्षी मी चिपळूणच्या बाजारातून पडवळ आणलं होतं. आईंनी (माझ्या सासूबाई) ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नांगरटीतलं की कुणाच्या परड्यातलं, कुणाला विचारायचं?" ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. कुदळीनं खणलेल्या जमिनीतलं, माणसाच्या हातचं खायचं. भाजी तेव्हा केली, सगळ्यांनी खाल्ली, पण आईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

बियांचा हिशोब आज लागला. पडवळ 'कोकण श्वेता' आणि कारलं 'कोकण तारा', दोन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण. दुधीचं पाकीट तालुक्याच्या दुकानातून. घोसाळं आणि तवसं शेजारच्या काकूंकडून, पुडीत बांधून. कारलं, दुधी, घोसाळं ऋषीच्या भाजीत नसतात आमच्याकडे, पण मांडव घालायचाच तर तेही असू देत.

आणि शिराळं घरचं. चुलीच्या वरच्या वाशाला आईंनी गेल्या वर्षीचं एक वाळलेलं शिराळं टांगून ठेवलं होतं. धुरानं काळपट झालेलं, वजनाला पिसासारखं. त्यांनी ते काढून माझ्या कानाशी हलवलं, खुळखुळ्यासारखं वाजलं. मग खालचं टोक नखानं दाबलं तर एक लहानसं झाकण टपकन सुटलं. निसर्गानंच केलेलं झाकण आहे ते. शिराळं उलटं, म्हणजे वेलावर लोंबतं तसं धरलं की काळ्या चपट्या बिया एकेक करून परातीत पडतात. मी इतकी वर्षं शिराळ्याची भाजी करते आहे, हे झाकण आज पहिल्यांदा पाहिलं.

आजच पिशव्यांत पेरणी केली. सगळं मिळून २६ बिया.

२५ मे, रविवार

पाच दिवस पाऊस थांबलेला नाही. आधी वळिवाचा वाटला, मग अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आलं आणि काल ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढलं. आज मॉन्सून महाराष्ट्रात पोचल्याचं हवामान खात्यानं सांगितलंय. मे महिन्यात! अजून लोकांची लाकडं भरायची आहेत, पावळ्या बांधायच्या आहेत.

पिशव्या उघड्यावर अंगणात होत्या. उचलून पडवीत आणेपर्यंत माती चिखल झाली होती. दोन बिया उकरून पाहिल्या. दुधीची बी बोटांत दाबली तर पचकन फुटली, आत पांढरं पाणी आणि आंबूस वास.

२६ पैकी उगवल्या ४. त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी मानेतून कोलमडल्या.

१ जून, रविवार

दुसरी पेरणी. ८८ दिवस उरलेत. हिशोब बसतो : शिराळं, कारलं साधारण दोन महिन्यांत तोडणीला येतं, पडवळाला थोडं जास्त लागतं.

या वेळी काय बदललं ते नीट लिहून ठेवते.

पिशव्या नाहीत. पोफळीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या बुंध्याकडच्या रुंद भागाचे, द्रोण केले, तळाला तीन भोकं. वेलभाज्यांच्या मुळांना हात लागलेला सोसत नाही, द्रोणासकट जमिनीत गेलं की मुळं दुखावत नाहीत आणि विरी पुढे कुजून जाते. माती एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, नदीची वाळू एक भाग. गेल्या वेळी वाळू घातलीच नव्हती.

कारल्याची आणि पडवळाची साल जाड. कारल्याच्या बीच्या टोकदार बाजूची किंचित कड नेलकटरनं उडवली, आतल्या डाळीला धक्का लागणार नाही इतपतच. मग सगळ्या बिया रात्रभर कोमट पाण्यात, सकाळी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून चुलीशेजारच्या कोनाड्यात. मोड दिसला की मगच द्रोणात, बोटाच्या एका पेराएवढं खोल. सगळे द्रोण पडवीत, वर छप्पर, बाजूनं उजेड. पाणी मी देईन तेवढंच.

८ जून, रविवार

मृग लागला. दुधी सातही उगवले. शिराळं ८ पैकी ७. घोसाळं ३ पैकी ३. कारल्यानं आज डोकं वर काढलंय, बीचं टरफल अजून टोपीसारखं पानांवर अडकलेलं आहे. ते ओढून काढायचा मोह होतो, पण ओढलं की पानं फाटतात. पाण्याचा हलका फवारा मारून मऊ केलं, सुटलं आपोआप. पडवळ अजून गप्प.

१५ जून, रविवार

लावणी. आमच्या परड्यात हातभर खाली जांभा लागतो, खड्डा केला की पावसात तो हंडा होतो. म्हणून खड्ड्याऐवजी कुदळीनं उकरून, आजूबाजूची माती ओढून, गुडघ्याएवढे उंचवटे केले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आळं. पाणी थांबतच नाही. कुदळ मीच चालवली, मुलानं फावडं धरलं. आई पडवीत बसून होत्या. मधूनच, "उगवतीकडनं ऊन लागेल असं घे गो." पूर्वेला फणस आहे, म्हणून चार उंचवटे हलवले.

लावलं ते : शिराळी ४, पडवळ ३ (पडवळ अखेर मंगळवारी उगवलं, ५ पैकी ३), कारली ३, दुधी २, घोसाळं १, तवसं २. बाकीची रोपं काकूंना.

२२ जून, रविवार

तांबडा भुंगेरा. सकाळी पाहिलं तर तवशाच्या दोन्ही रोपांच्या डाळिंब्यांना, म्हणजे पहिल्या जाड पानांना, चाळण. आईंनी राख टाकायला सांगितली. टाकली, तासात पाऊस आला, धुऊन गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली.

शेवटी हातानं वेचायचं ठरवलं. पहाटे साडेपाच-सहाला भुंगेरा गारठलेला असतो, उडत नाही. साबणाच्या पाण्याची वाटी खाली धरायची आणि पान टिचकीनं झटकायचं. उन्हं वर आली की एकही हाती लागत नाही. आज १९.

२८ जून

भुंगेरे ४. रोपांना चार-चार पानं, आता धोका टळला.

५ जुलै, शनिवार

मांडव पुरा झाला. चार कोपऱ्यांना पोफळीचे जुने खांब, वर चिव्याच्या काठ्या, बांधायला सुंभ, त्यावर नायलॉनची जाळी. उंची साडेसहा फूट. आईंचा आग्रह होता कमी नको, पडवळ लोंबायला जागा हवी. प्रत्येक रोपाजवळ एक फांद्या असलेली काटकी रोवली. वेलाचा ताणा तिला कसा धरतो ते आज मुलाला दाखवलं. ताण्याचं टोक काटकीला टेकवून ठेवलं, चहा पिऊन येईपर्यंत अर्धा वेढा पडला होता.

दुधीचा शेंडा मांडवाला पोचताच खुडला. दुधीला मूळ वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त धरतात. काकूंना ते पाहवेना. "वाढती वेल कापायची का?" म्हणाल्या. मीही शेंडा हातात घेऊन दोन मिनिटं उभी होते.

१२ जुलै

शिराळ्याला पिवळी फुलं, झुबकेच्या झुबके. सकाळी सगळी जमिनीवर. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "पहिली फुलं बापयांची. त्यांना कुठं धरायचंय?" खरंच आहे, सगळी नरफुलं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं शिराळं जन्मतःच असतं, शिरा-बिरांसकट. तसलं अजून एकही नाही.

२२ जुलै, मंगळवार

मादी फुलं दिसायला लागली आणि धरेनाशीही झाली. शिराळ्याची तीन छोटी शिराळी पिवळी पडून गळली. कारल्याची मात्र धरताहेत.

दोन दिवस मी नुसतं बघत बसले, कुठलं फूल कधी उघडतं ते. वहीत लिहिलेलं तसंच उतरवते. कारलं पहाटे, उजाडायच्या सुमारास. घोसाळं सकाळी, त्याच्यावर काळा भुंगा आणि मधमाश्या. तवसं सकाळी. शिराळं संध्याकाळी पाचच्या पुढे. दुधी दिवे लागणीला, पांढरं फूल अंधारात चमकतं. पडवळ त्याहून उशिरा, आणि त्याचं फूल म्हणजे पांढऱ्या सुताची झालर, पाकळीची कड सोडवून कुणी विंचरून ठेवल्यासारखी.

म्हणजे माझ्या मांडवाचे निम्मे वेल रात्रीच्या पतंगांच्या भरवशावर आहेत, आणि संध्याकाळचा पाऊस चार दिवसांत एकदाही थांबलेला नाही. पतंग येणार कसा? आलाच तरी परागांचा चिखल झालेला.

शिराळ्याला खत कमी पडतंय म्हणून मी गेल्या आठवड्यात दोनदा शेणाचं पाणी घातलं होतं. भूक नव्हतीच त्याला. पाहुणा येत नव्हता.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावस्या. घरातले दिवे घासून पुजले, आणि त्यातलाच एक कंदील घेऊन संध्याकाळी मांडवाखाली गेले. कृती अशी : त्या दिवशी उघडणारी मादी कळी दुपारीच ओळखू येते, फुगलेली आणि टोकाला पिवळी. तिच्यावर चहाचा कागदी कप उपडा घालून चिमट्यानं देठाला अडकवायचा, पाऊस लागत नाही. नराच्या दोन-तीन कळ्याही तशाच झाकायच्या. फुलली की नराचं फूल खुडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या तीन फाकांच्या टोकावर हळूच फिरवायचा. पिवळी पूड चिकटलेली कंदिलाच्या उजेडातही दिसते. परत कप. देठाला रंगीत दोरा, वहीत दोऱ्याचा रंग आणि तारीख.

आज शिराळी दोन, लाल दोरा.

२७ जुलै

लाल दोऱ्याची दोन्ही धरली! तीन दिवसांत वीतभर. परवाच्या निळ्या दोऱ्याचं एक धरलं, एक गळलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज विळी, चाकू, कात्री काही नाही. वेलांनाही हात लावला नाही, पाहून आले.

कारल्याचं मात्र वाईट दिसतंय. सात कारली धरली होती, पाच वाकडी झाली आहेत. टोकाशी पारदर्शक डिंकाचा थेंब आणि त्याखाली सुईनं टोचल्यासारखा ठिपका. एक बोटांनीच उकललं. आत पांढऱ्या अळ्या, भाताच्या शितापेक्षा बारीक, आणि उजेड लागताच त्या टुणकन उडायला लागल्या. फळमाशी. लगेच हापूसच्या झाडांवरचे दोन सापळे आणून मांडवाला बांधले.

२ ऑगस्ट, शनिवार

शिराळ्याची पहिली तोडणी. लाल दोऱ्याची दोन. आईंनी शिरा वेगळ्या काढून त्यांची तीळ-खोबरं घालून चटणी केली. शिराळ्याला फूल लागल्यापासून तोडेपर्यंत ७-८ दिवस पुरतात, नंतर आत जाळी धरते. हे लक्षात ठेवायचं, २८ तारखेचा हिशोब यावरच.

सापळ्यांत मूठमूठ माश्या मेलेल्या. आणि कारली तरीही टोचलेली! कळेना.

४ ऑगस्ट, सोमवार

आज कृषी सहायक भातपीक पाहायला वाडीत आले होते, त्यांना परड्यात बोलावलं. त्यांनी सापळा उघडून माश्या तळहातावर घेतल्या आणि शांतपणे म्हणाले, "ताई, या आंब्याच्या माश्या आहेत. तुमच्या कारल्याची माशी यात येतच नाही."

हापूसच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं. त्या वासाला आंब्या-पेरूवरच्या फळमाशीचे नर येतात. वेलभाज्यांवरची माशी वेगळी, तिच्या नराला क्यू ल्युअर लागतं. मी आठवडाभर पेरूच्या झाडावरच्या माश्या मारून कारल्याला वाचवल्याचं समाधान करून घेत होते. त्यांनी मांडवाखालच्या पानावर बसलेली एक दाखवली. तांबूस-पिवळी, आणि पंखाच्या टोकाला तपकिरी डाग. सापळ्यातल्या माश्यांच्या पंखांना तो डाग नव्हता. डोळ्यांसमोर होतं, बघितलं नव्हतं.

दुपारी क्यू ल्युअरच्या दोन वड्या आणल्या, जुने सापळे गरम पाण्यानं धुऊन त्यात लावल्या. टोचलेली सगळी कारली वेचून प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून उन्हात. उकिरड्यावर नाही, अळी मातीत उतरून तिथेच कोश करते. वेलाखालची माती बोटं-दोन बोटं खुरप्यानं हलवली. नवीन धरलेल्या चार कारल्यांना जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून घातल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

उकिरड्याच्या कडेला एक दुधी आपोआप उगवला होता. जून महिन्यात मी कौतुकानं तो वाढू दिला. आज त्याचं पहिलं फळ काढलं, दिसायला देखणं. चिरताना सवयीप्रमाणे चिमूटभर तुकडा जिभेला लावला, आणि थुंकून तीन वेळा चूळ भरली. कडूजहर.

घरात सगळ्यांना बोलावून सांगितलं आणि इथेही ठळक लिहून ठेवते : दुधी चिरला की कच्चा तुकडा चाखायचाच, आणि कडू लागला तर शिजवून, मीठ-साखर घालून, काही करून खायचा नाही. त्यातलं कुकरबिटासिन शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस औषध म्हणून पिऊन माणसं दगावलेली आहेत. रानातल्या कडू भोपळ्याचा पराग कधी लागला असेल त्या बीच्या आईला, कुणाला माहीत. म्हणून दुधीचं बी वाटेल तिथलं घ्यायचं नाही. वेल मुळासकट उपटला. मांडवावरच्या दोन्ही वेलांचे दुधी चाखले, गोडसर आहेत.

१४ ऑगस्ट

सापळ्यात डागवाल्या पंखांच्या माश्या, ३१. कारली सहा, एकही टोचलेलं नाही.

पडवळाला काल आणि परवा रात्री साडेसातला हातानं पराग लावला. पांढरा दोरा, चार फुलं. ही २८ची. दोन आठवड्यांत भाजीजोगी होतील.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस धुवाधार. काल रात्री वाऱ्यानं मांडवाचा फणसाकडचा कोपरा बसला. आम्ही तिघं कंदील आणि बॅटरी घेऊन बाहेर. मुलानं खांब खांद्यावर धरला, मी सुंभ आवळला, आई पडवीतून बॅटरी धरून उभ्या. पडवळं चारांतली दोन राहिली. एक दीड फूट, एक दोन फुटांच्या वर. दुसरं कमानीसारखं वळायला लागलं होतं, आईंनी नदीतला लहान गोटा सुतळीनं टोकाला बांधायला लावला.

शिराळ्याची या तीन दिवसांतली सगळी फुलं वाया.

२० ऑगस्ट, बुधवार

दुपारी उघडीप. मोजून आठ दिवस उरलेत. चार मादी कळ्या फुगलेल्या होत्या, चारही झाकल्या. नरफुलं मिळेनात. पावसानं सगळी झोडपलेली. काकूंकडे दिलेल्या रोपाला दोन होती. सहा वाजता काकू स्वतः घेऊन आल्या, ओल्या केळीच्या पानात गुंडाळून, छत्री फुलांवर धरलेली आणि स्वतः भिजलेल्या. हिरवा दोरा.

२१ ऑगस्ट

आणखी तीन. हिरवाच दोरा.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला) एक कारलं आणि एक लहानसं तवसं बांधलं, इतर फळांबरोबर.

संध्याकाळी आई म्हणाल्या, चल. काठी टेकत मांडवाखाली आल्या. या पावसाळ्यात पहिल्यांदाच. पडवळाचा गोटा मी सोडला, पडवळ त्यांनी तोडलं. सरळ झालं होतं, फक्त शेवटची चार बोटं वाकडी.

२८ ऑगस्ट, गुरुवार

ऋषिपंचमी. परड्यातलं : पडवळ २, शिराळी ५, तवसं १. आडाजवळचं अळू, कुंपणाचा लाल माठ, सहा भेंड्या. लाल भोपळ्याची फाक आणि सुरण काकूंकडचं, त्यांच्याही परड्यातलं. तेलाची फोडणी नाही. चिंच, हिरवी मिरची, ओलं खोबरं, मीठ.

आईंनी दोनदा वाढून घेतली.

१४ सप्टेंबर

शिराळ्याचा वेल खालून भुरी धरतोय. जुनी पानं काढली. दोन चांगली शिराळी मुद्दाम तोडली नाहीत, बियांसाठी, लाल चिंधी बांधून ठेवलीत. घोसाळं काकूंचं अगदी शेजारीच आहे, पण फुलायची वेळ वेगळी, आणि ही दोन्ही फुलं मी कपाखाली शिराळ्याच्याच परागानं धरवलेली आहेत. बी चोख असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

दोन्ही शिराळी वाळली, एकाला आतून बुरशी होती. दुसऱ्याचं झाकण आईंनी मुलाला उघडायला दिलं. १०८ बिया. पाण्यात टाकल्या, १३ तरंगल्या, त्या काढल्या. ९५ सावलीत वाळवून, राखेत घोळून काचेच्या बरणीत. ४० काकूंच्या पुडीत, त्यांनी दिलेल्या फुलांची. बरणीवर चिठ्ठी लावलीय : शिराळं, घरचं, फूल २१ ऑगस्ट २०२५. पेरणी पुढच्या वर्षी पडवीत, उघड्यावर नाही.